अंदमानातील दोन मैफली

मदतीच्या मैफली आम्ही आजवर पुष्कळ वाजवल्या. शाळेच्या इमारतीसाठी, देवळाच्या सभामंडपासाठी, अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या कलावंतासाठी. एकदा तर ज्या मंडळाची मैफल, त्याच मंडळाच्या मागल्या वर्षीची तूट भरून काढण्यासाठी. हैदराबादेतील मराठी माणसाला पेटी वाजवता येत असली की गणेशोत्सवापासून रामनवमीपर्यंत त्याला सवड नसते, आणि बिदागीची आशा तर त्याने कधी धरूच नये. ही तक्रार नव्हे. चहा चांगला मिळतो आणि घरी पोचवायला कुणीतरी येते, एवढ्यावर आमचे समाधान असते. परंतु समुद्र ओलांडून मदतीची मैफल वाजवायला जाण्याचा प्रसंग आयुष्यात एकदाच आला, आणि त्याचा हिशेब आमच्या मनात अजून पुरता मिटलेला नाही.

२००६ च्या जानेवारीतील गोष्ट. आमचे मेहुणे तेव्हा बँकेच्या नोकरीत पोर्ट ब्लेअरला होते. (त्या गावाला २०२४ पासून श्रीविजयपुरम म्हणतात, आम्ही गेलो ते पोर्ट ब्लेअरला, म्हणून येथे जुनेच नाव ठेवले आहे.) २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सुमात्राजवळ समुद्रतळाशी झालेल्या भूकंपाने जी लाट उठली, तिने निकोबार बेटांवरची किनाऱ्यालगतची गावे धुऊन नेली. भारताचे दक्षिण टोक म्हणून भूगोलात शिकवतात ते इंदिरा पॉइंट त्या दिवशी सव्वाचार मीटर खचले आणि तेथील दीपगृहाच्या पायाशी समुद्र आला. या साऱ्याला वर्ष उलटून गेले होते. वर्तमानपत्रांतून तो विषय मागे पडला होता. अशा वेळी मेहुण्यांचे पत्र आले.

"दाजी," त्यांनी लिहिले होते, "फेब्रुवारीच्या अखेरच्या शनिवारी आणि रविवारी येथील हौशी मंडळी गाण्याचे दोन कार्यक्रम करणार आहेत. निकोबारची जी मुले येथे शिकायला राहिली आहेत आणि ज्यांची घरे लाटेत गेली, त्यांच्या फी-पुस्तकांसाठी पैसा उभा करावयाचा आहे. बंगाली मंडळींचे रवींद्रसंगीत ठरले आहे. रागदारी गाणारे मात्र कुणी नाही. बुवांना घेऊन याल का? विमानाची चार तिकिटे मंडळी काढतील."

पत्र वाचून होताच सौ.ने विचारले, "चौघांची विमानाची तिकिटे म्हणजे किती हो होतात?"

आम्ही अंदाजाने आकडा सांगितला.

"मग तेवढे पैसेच त्या मुलांना द्या म्हणावं. गाणं काय, इथं बसूनही म्हणता येईल."

स्वतःच्या भावाचे निमंत्रण असताना हा प्रश्न विचारणे म्हणजे धैर्याचेच काम. आम्हांला त्यावर उत्तर सुचले नाही. आमचे वडील 'संयुक्त मानापमाना'ची गोष्ट रंगवून सांगत असत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले. एक भामिनी, दुसरे धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी नाटक कंपन्यांचे मालक एका प्रयोगात! तिकिटासाठी लोकांनी पदरमोड केली ती त्या दोन नावांसाठी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले, म्हणून त्या रात्रीचे मोल आणखी वाढले. मदतीच्या प्रयोगाचे गणित तेथे उघड होते: नाव मोठे, म्हणून गल्ला मोठा. आमच्या चौघांच्या नावांवर पोर्ट ब्लेअरात कोण तिकीट काढणार होते?

बुवांना पत्र दाखवले. बुवा आमच्याहून आठ वर्षांनी मोठे. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी पत्र दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "विमान नको. जहाजाने जाऊ. भाडे आपापले भरू. त्यांच्याकडून फक्त जेवण घ्यायचे." याकुतपुऱ्याचे आमचे तबल्याचे साथीदार, ज्यांना आम्ही सगळेच मास्टर म्हणतो, त्यांनी एवढेच विचारले, "पानी में कितने दिन?" तीन दिवस, असे ऐकल्यावर ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "नक्को बोलने का सवालच नहीं, साब. बच्चों का काम है." चौथा गडी बुवांचा शिष्य, तंबोऱ्यावर.

नामपल्लीहून चारमिनार एक्सप्रेसने मद्रास, आणि तेथून जहाज. आम्ही सर्वांत स्वस्त वर्गाची तिकिटे घेतली होती. एका लांबलचक दालनात रेल्वेसारख्या एकावर एक बाकांच्या रांगा, वर पंखे आणि सगळीकडे खोबरेल तेल, डिझेल व सांबार यांचा मिश्र वास. विजेवरचा तंबोरा नेऊ, असे आम्ही सुचवून पाहिले होते. परंतु बुवांनी मिरजेचा खरा तंबोराच घेतला होता. भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून शिष्याने आपला बाक तंबोऱ्याला दिला आणि स्वतः तीन रात्री खाली सतरंजीवर काढल्या. तिकीट तपासनिसाने तंबोऱ्याकडे पाहून "इनका टिकट?" असे विचारले, ते निव्वळ विनोदाने की काय, हे आम्हांला शेवटपर्यंत कळले नाही.

मास्टरांना दुसऱ्याच दिवशी समुद्र बाधला. बुवा मात्र पहाटे उठून डेकवर जात. जहाजाच्या इंजिनाची घरघर काळी एकच्या आसपास लागते, असा शोध त्यांनी लावला आणि त्या सुरावर खर्ज भरायला सुरुवात केली. चहूकडे पाणी, आकाशाला अजून रंग नाही, आणि पांढऱ्या धोतरातील एक वृद्ध गृहस्थ कठड्याला धरून मंद्र षड्ज लावीत आहेत. खलाशी येता-जाता थांबत. खाऱ्या वाऱ्यात घसा उघडा टाकू नका, असे आम्ही म्हणालो. पण शिष्यांनी सांगावे आणि गुरूंनी ऐकावे अशी रीत आपल्याकडे नाही, आणि आम्ही तर शिष्यही नव्हतो.

गुरुवारी सकाळी हॅडो धक्क्याला जहाज लागले. मेहुणे हात हलवीत उभे होते. बुवांनी त्यांना ओळख करून घेताना नमस्कार केला आणि बोलायला तोंड उघडले, तर आवाज निघेना.

येथे थोडे वाद्यांबद्दल सांगितले पाहिजे, कारण वाचकांपैकी ज्यांनी दख्खनच्या कोरड्या हवेतच आयुष्य काढले त्यांना याची कल्पना नसेल. हैदराबादेत उन्हाळ्यात तबला चढतो. कातडे आवळते आणि आपण हातोडीने गठ्ठे वर सारून तो उतरवतो. बेटावर त्याच्या उलट. फेब्रुवारी हा तेथे पावसाचा महिना नव्हे, तरी समुद्राचा दमटपणा हवेत असतोच. मास्टरांनी खोलीत तबल्याची पुडी उघडली, बोटाने एक 'ना' काढला आणि मान हलवली. "चमड़ा बैठ गया, साब." दोन दिवस त्यांनी तबला टेबलावरच्या दिव्याखाली, आजारी मुलाला शेक द्यावा तसा, फिरवून फिरवून ठेवला. तंबोऱ्याच्या पोलादी तारांवर तांबूस ठिपके दिसू लागले. आमच्या पेटीचा भाता जड झाला आणि दोन पट्ट्या दाबल्या की वर येईनात. बुवांना मेहुण्यांच्या घरी गरम पाणी, मीठ, हळद, ज्येष्ठमध यांचा मारा सुरू झाला.

शनिवारची मैफल साडेसहाची होती. बुवांनी हैदराबादेतच ठरवून ठेवले होते: मारवा. दिवस मावळता मावळता सुरू करायचा, अंधार पडेतो संपवायचा. फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्याकडे सूर्य मावळतो तो सहा-वीसच्या सुमाराला. म्हणजे वेळ अगदी जुळणारी. परंतु सबंध देशाचे घड्याळ एक असले तरी सूर्य एक नसतो. पोर्ट ब्लेअर हैदराबादच्या पूर्वेला चौदा रेखांश, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ तासभर पुढे. सव्वापाचला उन्हे कलली, साडेपाचला सूर्य गेला, आणि आम्ही सहा वाजता एका शाळेच्या सभागृहात पोचलो तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता. बुवा दारात थांबले, आकाशाकडे पाहिले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मारवा गेला."

यमन गायले. गायले म्हणण्यापेक्षा निभावले म्हणावे. आवाज तार षड्जाला पोचेना, तबला दर दहा मिनिटांनी उतरे आणि मास्टर हातोडी उचलत. चारशे खुर्च्यांच्या सभागृहात साठ माणसे, त्यांतील पंधरा-वीस मराठी. बंगाली मंडळी आपले गाणे आटोपून चहाला गेली ती परतली नाहीत. आणि त्यांचे गाणे, खरे सांगायचे तर, आमच्यापेक्षा चांगले झाले होते. दुसऱ्या भागात बुवांनी दोन नाट्यपदे म्हटली. पुढल्या रांगेत एक तमिळ गृहस्थ अत्यंत सभ्यपणे झोपले होते. रात्री मेहुण्यांनी पेटीतील रक्कम मोजली आणि आकडा आम्हांला सांगितला नाही, यावरून आम्ही काय ते समजलो.

त्या रात्री आम्हांला सौ.चा प्रश्न आठवत राहिला. बुवाही जागेच असावेत. पलीकडच्या खाटेवरून सुपारी कातरल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

रविवारी सकाळी सेल्युलर जेल पाहायला गेलो. तो दिवस २६ फेब्रुवारीचा. सावरकरांच्या निधनाला त्या दिवशी ४० वर्षे झाली होती. त्यांच्या कोठडीत कुणीतरी पहाटेच फुले वाहून गेले होते. सात बाजूंपैकी आता तीनच उभ्या असलेल्या त्या इमारतीत मराठी माणसाच्या मनात काय येते ते निराळे सांगायला नको. परंतु मास्टर एका फलकापाशी उभे होते, ते एकदम म्हणाले, "हमारे मौलवी साब भी इधरीच आए थे ना?" आम्हांला आधी समजलेच नाही. मग लख्ख आठवले. १७ जुलै १८५७ रोजी हैदराबादच्या कोठीतील रेसिडेन्सीवर चाल करून गेलेल्या जमावाच्या पुढे तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन होते. तुर्रेबाज खान मारले गेले आणि 'तुर्रम खान' होऊन लोकांच्या तोंडी राहिले. मौलवींना १८५९ साली काळ्या पाण्यावर धाडले. तेव्हा ही इमारतही नव्हती. ती बांधून झाली १९०६ साली. रेसिडेन्सीवरून आम्ही चाळीस वर्षे रोज सायकलने गेलो, आणि मौलवींची आठवण पोर्ट ब्लेअरात मास्टरांनी करून द्यावी, याची आम्हांला लाज वाटली. मास्टरांनी तेथेच उभे राहून हात पसरून फातेहा म्हटला. बुवा शेजारी डोके उघडे करून उभे राहिले.

परतताना मेहुणे जंगलीघाटला मासळीसाठी थांबले. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहत होतो, तो कानावर तेलुगू पडली; आणि ती आमच्या हैदराबादची उर्दूमिश्रित तेलुगू नव्हे, श्रीकाकुळमकडची, हेल काढून बोललेली. तिकडून आलेली कोळ्यांची कुटुंबे तेथे बरीच आहेत. आम्ही सहज तेलुगूत भाव विचारला. टोपलीवाल्या बाईने मान वर केली.

"मीदी ए ऊरु?" तुमचे गाव कोणते?

हैदराबाद, असे सांगितल्यावर तिने शेजारणीला हाक मारली. कार्यक्रमाची भित्तिपत्रके तिने पाहिली होती. हैदराबादचे गवई म्हटल्यावर ते तेलुगू गातील, असेच त्यांना वाटले होते. शनिवारी कुणी जाऊन आले आणि म्हणाले, काही कळत नाही. "सायंत्रं तेलुगु पाटलु पाडतारा?" तिने विचारले. संध्याकाळी तेलुगू गाणी म्हणाल का?

आम्ही काही सारवासारव करणार, तेवढ्यात मागून बुवा म्हणाले, "पाडतानु." म्हणतो.

बुवांना आम्ही तीस वर्षे साथ करीत आलो. ते तेलुगूत गातात हे आम्हांला ठाऊक नव्हते. वाटेत त्यांनी सांगितले. लहानपणी त्यांचे बिऱ्हाड गौळीगुड्यात होते आणि एका भिंतीपलीकडे एक तेलुगू आजी पहाटे सडा घालताना रामदासूची कीर्तने म्हणत. भद्राचलमचे हे रामदासू, समर्थ नव्हेत. तहसीलदार असताना सरकारी वसूल रामाच्या देवळाला लावला म्हणून तानाशहाने त्यांना गोवळकोंड्यात कोंडले, आणि ती कोठडी अजून किल्ल्यावर दाखवतात. बुवांना तीन कीर्तने पाठ होती. "कधी म्हटली नाहीत," ते म्हणाले. "आपल्या मंडळात कोण ऐकणार? आणि त्यांच्या सभेत आपल्याला कोण बोलावणार?"

रविवारी बुवांनी हट्टाने मैफल पाचला सुरू करवली. पश्चिमेच्या खिडक्या उघड्या होत्या आणि दूरवर पाण्याची एक पट्टी दिसत होती. आवाज निम्मा-अधिक परतला होता. मारवा असा राग आहे की त्यात पंचम नाही, आणि षड्जही गवई पुनःपुन्हा चुकवतो. बसायला जागाच मिळत नाही. त्यातला कोमल रिषभ पेटीवर खरा सापडत नाही, कारण पेटीचे सूर यंत्राच्या सोयीने समान अंतरावर बसवलेले असतात. म्हणूनच आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला मज्जाव केला होता, आणि त्या बंदीविरुद्ध आम्ही तरुणपणी तावातावाने भांडलो असलो तरी, मारव्याला साथ करताना मनातल्या मनात आकाशवाणीला क्षमा करतो. त्या संध्याकाळी आम्ही रिषभावर बोट जवळजवळ ठेवलेच नाही. बुवा तो लावीत राहिले आणि खिडकीतली पाण्याची पट्टी आधी तांबडी, मग राखी झाली आणि मग दिसेनाशी झाली.

दिवे लावले तेव्हा आम्ही वर पाहिले. सभागृह भरले होते. मागे माणसे उभी होती; बायका मुलांना कडेवर घेऊन आल्या होत्या. बुवांनी तंबोरा पुन्हा मिळवून घेतला आणि रामदासूचे पहिले कीर्तन सुरू केले. आम्हांला चाल ठाऊक नव्हती. दोन ओळी मागे-मागे राहिलो, मग सापडली. तिसऱ्या ओळीला पुढली एक म्हातारी हलक्या आवाजात म्हणू लागली, मग तिच्यामागे सगळी रांग. मास्टरांनी तबला सोडून नुसत्या डग्ग्यावर आणि टाळीवर लय ठेवली, कारण एवढ्या आवाजांत तबला उतरला काय नि चढला काय. तिन्ही कीर्तने झाली. पहिले पुन्हा म्हणायला लावले. मदतीची पेटी रांगांतून फिरली तेव्हा दहा-दहाच्या ओल्या नोटा, मासळीचा वास असलेल्या, तिच्यात पडत होत्या.

शेवटी ज्या मुलांसाठी हा सारा खटाटोप, ती पंधरा-सोळा निकोबारी मुले-मुली मंचावर आली. आभाराचे गाणे म्हणणार, असे मेहुण्यांनी सांगितले होते. त्यांच्याकडे एक गिटार होती. त्यांतील एका मुलाने, सतराएक वर्षांचा असेल, आमच्याजवळ येऊन हिंदीत विचारले, "सर, बाजा मिलेगा?" आम्ही पेटी पुढे सरकवली.

ते चर्चमधील भजन होते, निकोबारी भाषेत. शब्द एकही कळला नाही. निकोबारी लोक बहुतेक ख्रिस्ती आहेत, आणि चार निरनिराळ्या उंचीच्या स्वररेषा एकाच वेळी चालवायच्या ही त्यांची गाण्याची रीत. मुलगा एका वेळी तीन-तीन पट्ट्या दाबीत होता. आमच्या वडिलांची ती जर्मन सुरांची पेटी. १९३८ साली त्यांनी विकत घेतली. अडुसष्ट वर्षे आम्ही पिता-पुत्रांनी तिच्यावर एका वेळी एकच सूर वाजवला, गवयाच्या पाठोपाठ, सावलीसारखा. ती अशी वाजू शकते हे आम्हांला पुस्तकांतून ठाऊक होते. कानाने ऐकले नव्हते. मारव्यात जी लंगडत होती, ती येथे पायांवर उभी राहिली. बुवा मांडी बदलायचे विसरून ऐकत होते.

कार्यक्रम संपला. मुलाने भात्याचा पट्टा लावला, पट्ट्यांवरून रुमाल फिरवला आणि पेटी आणून दिली. मग अडखळत म्हणाला, "सर, ये यहीं रह सकता है?" गावचे चर्च लाटेत गेले होते, त्यातला बाजाही. नवे चर्च उभे राहत होते. "हम खरीद लेंगे, थोड़ा-थोड़ा करके."

आम्ही म्हणालो, "ये हमारे पिताजी का है."

तो लगेच म्हणाला, "अच्छा. पिताजी का है तो रखना चाहिए, सर." आणि नमस्कार करून मुलांत मिसळला. त्याच्या स्वरात नाराजीचा अंशही नव्हता. असता तर आम्हांला सोपे गेले असते.

बुवांनी ऐकले होते. ते काही बोलले नाहीत. मास्टर पुडी बांधीत होते, तेही बोलले नाहीत.

हिशेब दुसऱ्या दिवशी झाला. सभागृह, ध्वनिक्षेपक, छपाई वजा जाता दोन दिवसांचे मिळून २१,४०० रुपये उरले. त्यांतील बहुतेक सगळे रविवारचे. विमानाची तिकिटे काढली असती तर त्यांतून काय उरले असते ते मेहुण्यांनी कागदावर मांडून दाखवले नाही, पण पेन्सिल हातात घेतली आणि खाली ठेवली. आम्हां चौघांचा रेल्वे आणि जहाजाचा जाता-येता खर्च सुमारे १६,००० झाला होता. परतीचे जहाज चार दिवसांनी होते.

घरी पोचलो तेव्हा पंधरवडा उलटून गेला होता. सौ.ने पाणी दिले, भावाची खुशाली विचारली आणि मग आकडे विचारले. आम्ही दोन्ही सांगितले. तिने वजाबाकी करायला क्षणही घेतला नाही. "म्हणजे पाच हजार चारशे," ती म्हणाली, आणि आत जाऊन कुकर लावला.

पेटी उघडली ती दोन दिवसांनी. खाऱ्या हवेने आपले काम केले होते. मधल्या सप्तकातले चार सूर कर्कश बोलत होते आणि एक मुकाच झाला होता. जुन्या शहरातील एका वृद्ध कारागिराकडे नेली. त्याने पितळी जिभा भिंगाखाली धरल्या, नखाने खरवडल्या आणि म्हणाला, "नमक खा गई, साब. ऐसे सुरां अब कां मिलते?" जुने चार सूर काढून त्याने दुसरे बसवले. पेटी वाजते, परंतु ते चार सूर परके आहेत, हे वाजवताना दर वेळी कळते.

मुलाची गोष्ट आम्ही घरी सांगितली नव्हती. एप्रिलमध्ये, रामनवमीच्या कार्यक्रमाहून रात्री परतल्यावर, कसे कोण जाणे, सांगून टाकली. सौ.ने सगळे ऐकून घेतले. रागावली नाही, समजूतही घातली नाही. बराच वेळाने अंधारात म्हणाली, "साधी पेटी कितीला येते हो?"

साधी पेटी आली. अर्धे पैसे आमचे, उरलेल्यांत बुवांचा आणि मास्टरांचा वाटा. शिष्याने तिचे खोके शिवून आणले. मे महिन्यात मेहुणे रजेवर आले होते, त्यांच्याबरोबर ती जहाजाने गेली. जुलैत मुलाचे पत्र आले, हिंदीत, रेघांच्या वहीच्या कागदावर. पेटी निकोबारला पोचली, रविवारी वाजते. तेथे पाऊस सुरू झाला आहे आणि मंद्र सप्तकातील तिसरी पांढरी पट्टी दाबली की वर येत नाही, काय करावे?

आम्ही उलट टपाली कळवले: वरची फळी काढून ती पट्टी अलगद बाहेर घ्यावी, दोन्ही कडांवरून बारीक काचकागद एकदाच फिरवावा, जास्त घासू नये. तेल मुळीच घालू नये. रात्री पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी, आणि वीज असेल तर खोक्याजवळ एक लहान दिवा जळता ठेवावा. वीज नसेल तर कळफुटीचा चुना फडक्यात बांधून खोक्यात टाकावा, आणि तो विरघळला की बदलावा.